हसऱ्या तोंडावर शिक्का

माझ्या बाबाला कोणी सांगितलं की तुमच्या गोदाचं काही काम अडलंय, तर तो चपला न घालता घराबाहेर पडतो. काम काय आहे हे विचारायला थांबत नाही. शहाण्णव साली माझी नोकरी जायची पाळी आलेली ती त्याच्या या गुणामुळे, आणि मी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तेव्हा मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत होते. तिथे खाण्याच्या पदार्थांवर संशोधन चालायचं. मी बी.एस्सी. झालेली, आमच्या पाड्यातली पहिलीच. आमचा पाडा डोंबिवलीच्या खाडीकडे. पूर्वी आमची माणसं मिठागरात राबायची आणि खाऱ्या जमिनीत भात काढायची. मी नोकरीला लागले तोवर जमिनीला भाव आलेला, त्यामुळे दर घरात एक मोटरसायकल आणि कोर्टात एक केस. अशा गावातून मी रोज सकाळी डबा घेऊन ठाण्याला जायचे आणि लोक आईला विचारायचे, पोरीला काय कमी आहे म्हणून पाठवता?

आमचे साहेब म्हणजे डॉक्टर आठल्ये. राहायला नौपाड्यात, बोलायला इतके हळू की मिक्सर चालू असेल तर त्यांचे फक्त ओठ दिसायचे. त्यांनी एक दिवस मला एक पोतं दाखवलं आणि म्हणाले, "गोदावरी, हा किन्वा."

राजगिऱ्याहून जरा मोठा, पिवळट पांढरा, चपटा दाणा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचा, पण कुळ आपल्या चाकवताचं. प्रथिनं भरपूर, आणि भातात जी कमी पडतात ती नेमकी यात आहेत. शिवाय हे पीक खाऱ्या जमिनीत तग धरतं. उत्तरेत कुठे कुठे त्याचे प्रयोग चालू होते आणि दिल्लीच्या एका मंडळाला विचारायचं होतं ते एवढंच, की पिकेल तेव्हा पिकेल, आपल्या लोकांच्या घशाखाली हे उतरेल का?

एक भानगड होती. दाण्याच्या सालावर एक कडू द्रव्य असतं. मी पहिल्यांदा पातेल्यात धुवायला घेतला तर रिठे भिजवल्यासारखा फेस. फेस जाईपर्यंत चोळून चोळून धुतला की कडूपणा जातो. नाही धुतला तर जिभेला असं काही लागतं की माणसाला आपली आई आठवते. धुवून, वाळवून, दळून मी त्याच्या भाकऱ्या करायला घेतल्या. नुसत्या किन्व्याची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि खाताना भुगा व्हायची. मग अर्धा किन्वा, अर्धं तांदळाचं पीठ, आणि आमच्याकडे करतात तशी उकड काढून मळलं, तेव्हा कुठे ती हातावर फिरायला लागली. त्या भाकरीवर मी दोन महिने घालवले. डॉक्टर ती रोज जेवायचे आणि रोज म्हणायचे, "बरी आहे." त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे बँडबाजा.

आता मार्चअखेरपर्यंत लोकांची पसंती काढून दिल्लीला कळवायची होती. लोकांना भाकरी खरोखर आवडली तर दुसरा टप्पा मंजूर, म्हणजे आमच्यासारख्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत किन्वा लावून बघायचा आणि ते काम मी बघायचं, कायम नोकरीवर. नाही आवडली, किंवा आमच्या आकड्यांवर दिल्लीचा विश्वास बसला नाही, तर पोतं परत आणि मी घरी. मला घरी बसायचं नव्हतं. मला ते काम हवं होतं, इतकं हवं होतं की झोपेत मी पीठ मळायचे.

डॉक्टर म्हणाले, "शहरातले लोक भिडेखातर छान म्हणतात. खेड्यातली माणसं स्पष्ट बोलतात. तुमच्या गावात चाचणी घेऊ." डॉक्टर आयुष्यात कधी खेड्यात जेवलेले नव्हते हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चाचणी अशी. प्रत्येकाला तीन भाकऱ्यांचे तुकडे द्यायचे आणि तीन कागद. कागदावर पाच तोंडं काढलेली, खो खो हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. जी भाकरी जशी लागली तसल्या तोंडावर खूण करायची. म्हाताऱ्यांना पेन धरायची सवय नाही म्हणून डॉक्टरांनी रबरी शिक्का आणि शाईचं पॅड आणलेलं. आदल्या दिवशी हे सगळं सामान मी घरी आणून ठेवलं आणि बाबानं ते बघितलं.

"गोदे, हा शिक्का कसला?"

"उद्या शाळेत सगळ्यांनी यायचं. भाकरी खायची आणि यातल्या एका तोंडावर शिक्का मारायचा. माझं काम आहे."

बाबाचे डोळे चमकले. माझा बाबा राघो म्हणजे निवडणुकीतला जुना गडी. स्वतः कधी निवडून आला नाही, पण त्यानं ज्याचा प्रचार केला तो आला. वर्षापूर्वीच कल्याण-डोंबिवलीची निवडणूक झालेली, घसा अजून बसलेलाच होता. त्यानं एकच प्रश्न विचारला. "हसरा तोंड तुजा ना?"

मी बोलले, "माझं कुठलंच नाही, बाबा. ज्याला जसं वाटेल तसं." पण तोवर तो अंगणात पोचलेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जत्रा. आजारी माणसं खाटेवरून उठून आलेली. मला वाटलं, वा, गावाला विज्ञानाची आवड आहे. एकेक जण यायचा, तुकडा तोंडात टाकायचा, माझ्याकडे बघून हसायचा आणि शिक्का मारून जायचा. शेजारच्या हौसाबाईंनी तिसरा तुकडा चघळला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी विचारलं, "मावशी, काय झालं?" तर मान हलवून बोलल्या, "काय नाय गो, बेस हाय," आणि ठाप करून शिक्का मारला. बाहेर पडल्यावर त्या हापशावर किती वेळ चुळा भरत होत्या हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी कागद चाळले. चाळताना चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गोदावरी, सगळ्यांनी तिन्ही भाकऱ्यांना खो खो हसणारं तोंड दिलंय."

मी खूश. "म्हणजे पास ना, सर?"

"पहिली साध्या तांदळाची होती. दुसरी तुमची. तिसरीत मी तुम्हाला न सांगता मुद्दाम न धुतलेला किन्वा घातला होता. लोकांना चवीतला फरक कळतोय ना हे तपासायला. मी स्वतः तिचा एक घासही खाऊ शकलो नाही. आता यावरून एकच निष्कर्ष निघतो, की तुमच्या गावाला कडू लागत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच घरी आले. बाबा ओट्यावर बसून चहा पीत होता, आजूबाजूला चार माणसं, निकालाच्या दिवशी बसतात तशी.

"काय झाला गो? आली ना निवडून?"

"बाबा, तू लोकांना काय सांगितलंस?"

"काय सांगनार? आपली गोदा उभी हाय. हसऱ्या तोंडावर शिक्का मारा. एक मत फुटला नाय पायजे." त्यानं छाती पुढे काढली. "फुटला काय?"

मी त्याला जे बोलले ते सगळं इथे सांगत नाही. आई भांडी टाकून बाहेर आली. मी म्हटलं, मला मतं नकोयत, मला खरं पाहिजे. कडू लागली तर कडू सांगा. तुमच्या या प्रेमापायी माझी नोकरी चाललीय. बाबाचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, "पन गोदे, आपल्या पोरीला तोंडावर कोन वायट बोलंल?" आणि मी आणखी चिडले.

डॉक्टरांनी दुसरी चाचणी खालच्या पाड्यात घ्यायची ठरवली. तिथे माझं नात्याचं कोणी नाही. खरं सांगायचं तर तिथे आमच्या पाड्याचं कोणाशीच धड नाही. कबड्डीच्या एका पकडीवरून आमच्यात आणि त्यांच्यात बोलणं बंद होतं. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "उत्तम. भीड नाही." यावेळी मी शिक्का घरी आणला नाही, बाबाला तर वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. पण खालच्या पाड्याला आमच्याकडच्या चाचणीची बातमी आधीच लागलेली. वरच्या पाड्याची राघोची पोर उभी आहे, म्हटल्यावर त्यांनीही आपसात ठरवून टाकलं. सगळ्यांनी तिन्ही भाकऱ्यांना रडकं तोंड दिलं.

डॉक्टरांनी कागद परत एकदा पहिल्यापासून चाळले. मग म्हणाले, "साध्या तांदळाच्या भाकरीलासुद्धा? ही माणसं जन्मभर तीच खातात ना?"

"हो सर."

"दोन्ही पाड्यांची सरासरी काढली तर भाकरी मध्यम आहे असं येईल." ते हसले, पण मला रडू आलं. मार्च तोंडावर आलेला आणि हातात खो खो हसण्याचे आणि भोकाड पसरण्याचे गठ्ठे. डॉक्टर म्हणाले, "हे दिल्लीला पाठवणं मला जमणार नाही." खोटे आकडे पाठवणारे ते नव्हतेच, आणि ते तसे नव्हते याचा मला त्या दिवशी राग आला.

त्या रात्री जेवताना मी बाबाशी बोलत नव्हते. आई कालवणात मीठ घालायला विसरलेली. बाबानं पहिला घास घेतला आणि सवयीनं बोलला, "झक्कास झालाय." पण भाकरी एकच खाल्ली, हात धुतले आणि उठला. मी बघत राहिले. आदल्या दिवशी हेच कालवण चांगलं झालेलं तेव्हा त्यानं काही म्हटलंच नव्हतं, फक्त टोपली पुढे ओढून घेतलेली. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आमच्या माणसांना जेवण कसं झालं हे विचारायचंच नसतं. विचारलं की ती घरच्या बाईची लाज राखतात, नाहीतर दुसऱ्याची काढतात. पण पानावर बसल्यावर दुसरी भाकरी कुठली मागायची, यात कोणी कोणाची भीड ठेवत नाही.

सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. ते ऐकत राहिले आणि पहिल्यांदाच 'बरं आहे' न म्हणता "वा" म्हणाले. मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. तीन भाकऱ्या, तीन सारख्या टोपल्या: तांदळाची, अर्धी अर्धी, आणि नुसत्या धुतलेल्या किन्व्याची. कडू भाकरीचं नावही काढायचं नाही. टोपल्यांना फक्त रंगीत दोरे. वाढणाऱ्यांनासुद्धा कुठल्या दोऱ्याची भाकरी कशाची हे कळता कामा नये, आणि माझं नाव तर अजिबात निघता कामा नये.

जेवणाचा मुहूर्तही मिळाला. माझा आतेभाऊ आनंदा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात कामाला होता आणि आमच्या कबड्डी संघाचा कप्तान होता. त्यानं आणि खालच्या पाड्याचा कप्तान दामाजी यानं भांडण मिटवायचं ठरवून रविवारी सामना ठेवलेला, आणि सामन्यानंतर दोन्ही पाड्यांचं एकत्र जेवण. मी दोघांना विश्वासात घेतलं. भाकरीत परदेशी धान्य आहे, अपायकारक काही नाही, आम्ही दोन महिने खातोय, खाणाऱ्याला मागाहून सगळं सांगायचं. डॉक्टरांनीही दोघांना समजावलं. दामाजी म्हणाला, "राघोशेटला कळला तर तो परत प्रचार करंल." बाबाला कळू द्यायचं नाही, अशी आम्ही तिघांनीही शपथ घेतली. भाकऱ्या कल्याणहून कोणा बाईंकडून मागवल्यात, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. प्रत्यक्षात मी, आई आणि प्रयोगशाळेतली सुमती शनिवारपासून प्रयोगशाळेतच थापत होतो. आईला मी फक्त पिठं दिली. ती बिचारी बोलली, "याच्यात काय हाय ते मना सांगू नको. मी बोलून टाकीन."

सामना आमचा पाडा हरला. त्यामुळे भूक वाढली की कमी झाली हे मला ठाऊक नाही, पण पंगती दणकून बसल्या. वरचा आणि खालचा पाडा मांडीला मांडी लावून. मटणाचं कालवण आणि तीन टोपल्या. आधी प्रत्येकाला तिन्हींमधली एकेक वाढली आणि पुढे वाढणारे विचारायचे, "कुठची देऊ?" बस, एवढंच. मी पातेल्याच्या आड उभी होते. डॉक्टर झाडाखाली खुर्चीवर, जणू सामना बघायला आलेले पाहुणे. दोन महिन्यांचं काम त्या टोपलीत होतं आणि मी कोणाला एक शब्द बोलू शकत नव्हते.

बाबा पहिल्या पंगतीत दामाजीच्या शेजारी. त्याच्या हाताला आधी पिवळ्या दोऱ्याची लागली, म्हणजे नुसत्या किन्व्याची. त्यानं कालवणात बुडवली तर अर्धी तिथेच विरघळली. उरलेलीचा तुकडा तोंडात टाकून त्यानं असं काही तोंड केलं, की मी ते जन्मात विसरणार नाही.

"अरे, ही कोनी केली?" अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असा तो गरजला. "ही भाकरी हाय का भुसा? त्या कल्याणच्या बाईला बोलव इकरं. हिला तिच्या आयसनी कधी थापाला नाय शिकवला काय?"

पंगत हसली. आनंदाला ठसका लागला. खालच्या पाड्याचे म्हातारे माना डोलवून म्हणाले, राघोशेट बरोबर बोलला. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पाड्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं, आणि ते माझ्या भाकरीविरुद्ध. मला इतका आनंद झाला की मी पातेल्यामागे खाली बसले. माझ्या बाबानं माझ्या हातच्या वस्तूला नावं ठेवली होती. खरंखुरं, पोटातून.

मग त्यानं ती बाजूला सारली आणि हिरव्या दोऱ्याची, म्हणजे अर्धी अर्धी, घेतली. काही बोलला नाही. खाल्ली. वाढणारी आली तेव्हा बोट दाखवलं, "ती दे." परत आली, परत बोट दाखवलं. दामाजीशी सामन्यातल्या कुठल्या तरी पकडीवरून वाद चाललेला, त्यात तो काय खातोय याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मी मात्र एकेक मोजत होते.

सगळ्या पंगती उठल्यावर डॉक्टरांनी टोपल्यांचा हिशेब केला. शेवटच्या पंगतीत तांदळाची टोपली आधी रिकामी झाली, ते होणारच होतं, आमच्या रक्तात ती भाकरी आहे. हिरवी तिच्या मागोमाग, फार अंतर नाही, आणि मागणारे दोन्ही पाड्यांतले. पिवळीची टोपली पहिल्या वाढपानंतर तशीच भरलेली परत आली. डॉक्टर म्हणाले, "गोदावरी, हे मी कोणालाही दाखवू शकतो." पुढे त्यांनी ते दाखवलंही. दुसरा टप्पा मंजूर झाला, अहवालावर त्यांच्या नावाखाली माझं नाव छापलं गेलं, आणि मी खाऱ्या जमिनीत गुडघाभर चिखलात किन्वा लावत हिंडले. त्या सगळ्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ही त्या दुपारची आहे.

कारण आनंदाला राहवलं नाही. जेवणं आटोपल्यावर त्यानं सगळ्यांना कबूल केल्याप्रमाणे खरं काय ते सांगून टाकलं. लोक हसले, कोणी कपाळावर हात मारला, हौसाबाई म्हणाल्या, आज तरी तोंड धुवाला नाय लागला. बाबा मात्र उठून सरळ माझ्याकडे आला.

"ती पिवल्या दोऱ्याची तूच केलीस?"

"हो."

"मी तुला भुसा बोललो?"

"आईवरूनही बोललास."

आई मागे उभी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "होय, मी ऐकला." बाबाचा चेहरा पार उतरला. त्यानं ती भरलेली टोपली ओढली आणि मांडी घालून बसला. "सांगाचा ना गो. मी चार खाल्ल्या असत्या. कालवन आन गो, मी आता संपवतो."

मी टोपली हिसकावून घेतली. "म्हणूनच सांगितलं नाही. ती फाटतेच, बाबा. तू बोललास ते बरोबर आहे. मला तेच पाहिजे होतं."

मी चिडलेय का हे त्याला ठरवता येईना. मी चिडलेली नव्हते. मग त्यानं भीत भीत विचारलं, "आन ती हिरव्या दोऱ्याची? ती कोनाची?"

"ती पण माझीच. अर्ध्यात तेच धान्य आहे."

बाबानं लगेच तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा म्हणणार झक्कास, बेस, एक नंबर, अख्ख्या मैदानाला ऐकवणार. पण त्यानं तसं काही केलं नाही. तो वाकला, हिरव्या दोऱ्याची टोपली जवळ घेतली, फडकं उचलून आत बघितलं, आणि आतून हात फिरवला.

"संपली?" तो म्हणाला. "एक पन नाय ठेवली माज्यासाठी?"

आणि त्याला खरोखर वाईट वाटलेलं. मी झाडाखालच्या डॉक्टरांना हाक मारली, सर, जरा इकडे या, हे लिहून घ्या.